डब्याचा गट आणि पावतीपुस्तक

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पत्रांच्या पानावर एका निवृत्त कर्मचारी काकांचं पत्र वाचलं. युनियनमधे आता बायकांचा वेगळा गट, कंत्राटींचा वेगळा गट, असं सुरू झालं तर संघटना फुटायला वेळ लागणार नाही, असं त्यांचं म्हणणं. नाव कोणाचं घेतलं नाही त्यांनी, पण ते आमच्याच युनियनबद्दल लिहून राहिले हे आम्हाला तिसऱ्या ओळीतच कळलं, कारण ज्या ठरावावर ते चिडलेत त्याच्याखाली दुसरी सही माझी आहे. नागपुरात आता बरीच विद्यापीठं झालीत, त्यातलं आमचं कोणतं ते मीही लिहीत नाही, उगाच कोणाला नोटीस नको. मी परीक्षा विभागात आहे, शिक्षकेतर, सव्वीस वर्षं झाली. काकांबद्दल आदर आहे, माझ्या पहिल्या पगाराच्या दिवशी युनियनची पावती त्यांनीच फाडली होती आणि वर चहाही पाजला होता. म्हणून भांडायचं नाहीये. पण त्यांनी लिहिलं ते अर्धंच आहे, उरलेलं अर्धं मी लिहिते. पत्र लांबेल, कापायचं असेल तर शेवट तेवढा राहू द्या.

आधी ठराव काय आहे ते सांगते, कारण तो कोणी वाचलेलाच दिसत नाही, सगळे ऐकीव गोष्टीवर तावातावाने बोलून राहिलेत. त्यात दोनच गोष्टी आहेत. एक म्हणजे युनियनच्या आत सभासदांना आपापल्या प्रश्नावर गट करून बसता यावं आणि त्या बसण्याला युनियनच्या घटनेत जागा असावी, म्हणजे गटाने लेखी दिलेलं कार्यकारिणीला घ्यावं लागेल आणि इतिवृत्तात त्याची नोंद करावी लागेल. आणि दुसरी, आपला जो मदत फंड आहे तो कोणाला, किती, कशावरून द्यायचा याचा नियम असावा, आणि त्यातला थोडा भाग सभासद नसलेल्यांनाही, म्हणजे कंत्राटी आणि रोजंदारीवाल्यांना, देता यावा, दुसऱ्या कोणाचा संप चालू असेल तर त्यांनाही. झालं, एवढंच. यात फुटण्यासारखं काय ते मला कळलं नाही, कळेल म्हणून काकांचं पत्र दोनदा वाचलं.

गट म्हटलं की आपल्याकडे लगेच गटबाजी. शब्दच बदनाम होऊन बसलाय, त्याला कोण काय करणार. माझी भाची कॅलिफोर्नियात पीएचडी करते, तिकडे युनियनच्या आतल्या अशा गटाला कॉकस म्हणतात, पण आमच्याकडे कॉकस म्हणावं तर लोक म्हणतील हे काय नवीन औषध. म्हणून ठरावात साधं "सभासद गट" लिहिलं आणि तिथेच फसलो बहुतेक.

पण खरं सांगा, गट आधीपासून नाहीत का? आमच्या गेटसमोर टपरी आहे, सकाळी अकराच्या सुमारास तर्री पोह्याच्या प्लेटा घेऊन आस्थापना विभागातले पाचसहा जण उभे असतात, एकदोन कार्यकारिणीतले असतातच, आणि युनियनचे निम्मे निर्णय तिथेच होतात. कोणाची बदली अडवायची, कुलसचिवांना कोणी भेटायचं, मोर्च्याला बॅनर कोणाचा, सगळं तिथे ठरतं आणि संध्याकाळी साडेपाचच्या मीटिंगमधे फक्त सह्या होतात. तो गट आहे की नाही? फक्त त्याला कोणी गट म्हणत नाही. त्याला "आपले लोक" म्हणतात. आणि त्या टपरीवर सव्वीस वर्षांत मी एकदाही उभी राहिले नाही, म्हणजे कोणी मनाई केली असं नाही, पण पुरुष घोळक्याने सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत असताना आपण जाऊन काय बोलणार. संध्याकाळी साडेपाचच्या मीटिंगचं तर विचारूच नका. माझी बस पाच चाळीसची, ती गेली की पुढची कधी येईल ते ड्रायव्हरलाही ठाऊक नसतं, कामठी हिंगणा वाडीकडून येणाऱ्यांची अजून वेगळी तऱ्हा. मग "बायका मीटिंगला येतच नाहीत" असं वर ऐकायचं.

तर आमचा गट डब्याचा. जुन्या रेकॉर्ड रूममधे, जिथे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे छतापर्यंत लागलेत आणि कागदाचा तो ओलसर वास डब्यातल्या मेथीच्या भाजीलाही लागतो, तिथे एक टेबल आहे, एक पाय तुटलेला, त्याच्याखाली जुनी गॅझेटं लावलीत. परीक्षा विभागातल्या आम्ही दोघी, ग्रंथालयातली एक, लेखा विभागातली एक, आणि दोन मावशी सफाईच्या. कोणी ठरवून नाही केला हा गट, उन्हाळ्यात तिथला कूलर बरा चालतो म्हणून जमायला लागलो एवढंच.

दोन वर्षांपूर्वी आमच्यात एक डेटा एंट्रीवाली पोरगी येऊन बसायला लागली. एजन्सीची, अकरा महिन्यांची ऑर्डर, मधे तीन दिवस ब्रेक, परत अकरा महिने. तिला दिवस गेले होते, सातवा महिना लागला होता, आणि एजन्सीचा सुपरवायझर म्हणाला की पुढच्या महिन्यापासून येऊ नको, नंतर बघू. तिने ते इतक्या सहज सांगितलं, पोळीचा तुकडा मोडता मोडता, की आमच्या लेखा विभागातल्या ताईंचा घासच अडकला. ताईंना माहीत होतं, प्रसूती लाभाचा कायदा तेव्हा १९६१चा होता, २०१७ मधे त्यात सुधारणा होऊन पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा झाली, आणि तो फक्त परमनंटला नाही, गेल्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेलं असलं की कंत्राटीलाही लागतो. ईएसआयमधे, म्हणजे सरकारी कामगार विम्यात, नाव असतं तर पैसे तिकडून मिळाले असते, पण एजन्सीने तिचं कार्डच काढलेलं नव्हतं. मग काय, दुसऱ्या दिवशी हजेरीचे झेरॉक्स आले आणि आम्ही गठ्ठ्याच्या वेष्टनाच्या कागदावर पेन्सिलने दिवस मोजत बसलो. सफाईच्या मावशी बोटांवर मोजत होत्या आणि त्यांचा हिशोब आमच्या आधी झाला. २१२ दिवस भरले. ८० पाहिजे होते, २१२ निघाले, आणि एजन्सी म्हणते तू तर टेम्पररी आहेस.

पत्र लिहिलं, कामगार ऑफिसात दिलं, चकरा मारल्या. पैसे मिळाले, पण बाळ पाच महिन्यांचं झाल्यावर. मधले महिने कॉफीच्या रिकाम्या बरणीत आम्ही दर महिन्याला दोनशे दोनशे टाकत होतो, मावशी पन्नास टाकायच्या आणि नको म्हटलं तर रागवायच्या. आणि हे सगळं चाललं असताना आमच्या युनियनच्या कार्यकारिणीला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. एकाच इमारतीत, दोन मजले वर बसतात ते. दोष देत नाही मी, टपरीवर ही गोष्ट निघणार कशी? तिथे कोणाला सातवा महिना लागत नाही.

बरं, एक दिवस मी वर गेले, खजिनदार भाऊंकडे, म्हटलं मदत फंडातून हिला पाच हजार द्या. भाऊ माणूस सोन्यासारखा, एक रुपया इकडचा तिकडे नाही, हिशोबाची वही लाल पेनने आखतात. पण म्हणाले, "ताई, ती सभासद नाही, कसे देऊ?" म्हटलं मग सभासद करून घ्या. तर म्हणाले कंत्राटीला आपल्या घटनेत सभासद होता येत नाही. म्हणजे आत यायचं तर दार नाही आणि बाहेर आहे म्हणून भाकर नाही. वहीत मात्र मी डोकावले, ते दाखवतात, लपवत नाहीत. मदत फंडातून त्या वर्षी एका सभासदाच्या बायपासला दहा हजार गेले होते, चांगलंच झालं. पण गणपतीची वर्गणीही त्यातूनच, आणि एका साहेबांच्या निरोप समारंभाच्या शाल-श्रीफळाचे अकराशेही त्यातूनच. साहेब युनियनचे सभासद होते का? नव्हते. अधिकारी होते.

आता कायद्याचं. लोक म्हणतात युनियनचा पैसा बाहेर देता येत नाही. मीही तेच समजत होते, मग लेखा विभागातल्या ताईंनी १९२६ चा ट्रेड युनियन कायदा काढला, आमची नोंदणी त्याच्याखालचीच. गेल्या वर्षी २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, तेव्हा नवे नियम बघूनच घटना बदलावी लागेल हे ठरावातही लिहिलंय. पण जवळजवळ शंभर वर्षं जो कायदा होता त्यात काय होतं ते तरी बघा. कलम १५ मधे युनियनचा सर्वसाधारण फंड कशावर खर्च करता येतो त्याची यादीच होती: पगार, ऑफिस, ऑडिट, कोर्टकचेरी, तंटा चालवणं, तंट्यामुळे सभासदाचं नुकसान झालं तर भरपाई, आजारपण, म्हातारपण, अपघात, बेकारी, मृत्यू. आणि शेवटी शेवटी असंही होतं की एकूणच कामगारांच्या भल्याच्या कुठल्याही कामाला वर्गणी देता येते, फक्त एका वर्षात ती त्या वर्षी तोवर जमा झालेलं उत्पन्न आणि वर्षाच्या सुरुवातीची शिल्लक यांच्या बेरजेच्या एकचतुर्थांशाच्या वर जाऊ नये. एकचतुर्थांश! इंग्रजाच्या काळात केलेला कायदा आणि त्यालाही वाटलं होतं की युनियन म्हणजे फक्त आपल्यापुरतं नसतं.

हिशोब करून दाखवते, आकडे समजा म्हणून धरा. चारशे सभासद, महिना पन्नास रुपये, वर्षाचे झाले दोन लाख चाळीस हजार. मागची शिल्लक तीन लाख साठ हजार असेल तर बेरीज सहा लाख, त्याचा चौथा हिस्सा दीड लाख. आम्ही दीड लाख मागितलेले नाहीत. आम्ही वर्षाला तीस हजार म्हटलंय, त्यातही एका माणसाला पाच हजारांच्या वर नाही. तीस हजारासाठी संघटना फुटत असेल तर काका, ती आधीच फुटलेली असेल.

त्याच कायद्यात कलम २० होतं, युनियनचे हिशोब आणि सभासदांची यादी कोणत्याही सभासदाला पाहता येते म्हणून. हे मी मुद्दाम लिहिते, कारण आमच्याकडे अर्ध्या लोकांना वाटतं वही पाहायला मागणं म्हणजे खजिनदारावर संशय घेणं. भाऊंनाही आधी तसंच वाटलं होतं, चार दिवस बोलले नाहीत माझ्याशी.

२०२३ मधला मार्च आठवा. जुन्या पेन्शनचा संप, १४ ते २० मार्च, सात दिवस, "एकच मिशन जुनी पेन्शन" म्हणत आम्ही संविधान चौकात बसलो होतो. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांसाठी तो संप होता, मी त्याच्या आधीची, माझी पेन्शन शाबूत आहे, तरी बसले, आणि त्याचा मला काही मोठेपणा वाटत नाही, बसायलाच पाहिजे होतं. पण आमच्या बाजूला कंत्राटी पोट्टेही येऊन बसले होते तीन दिवस. त्यांना ना जुनी पेन्शन ना नवी. विचारलं तर एकजण म्हणाला, "काकू, तुमचं झालं की मग आमचं होईल ना." त्या तीन दिवसांचा पगार त्यांचा गेला तो गेलाच, आमच्या खात्यात निदान रजा शिल्लक असते, त्यांच्या खात्यात काय असतं? संप संपला, आम्ही कामावर, कोणी त्यांना विचारलंसुद्धा नाही की बाबा रे तुझे किती कापले. मीही नाही विचारलं. हे लिहायला सोपं नाही पण तसंच झालं.

आमच्या घरी हा प्रश्न नवीन नाही म्हणा. माझे बाबा एम्प्रेस मिलमधे होते, गांधीसागरजवळची ती, टाटांनी १८७७ च्या १ जानेवारीला सुरू केलेली, आता तिथे मॉल आहे. १९८२ मधे मुंबईच्या गिरण्यांचा संप चालू होता, अडीच लाखाच्या आसपास लोक बाहेर, तेव्हा बाबांच्या खात्यातल्या लोकांनी पगाराच्या दिवशी गेटजवळ चादर अंथरून पैसे गोळा केले होते. बाबांनी पाच रुपये टाकले. आईने ते आठवडाभर ऐकवलं, मुंबईवाले आपल्याला देतील का म्हणून. बाबा म्हणायचे नाही देणार, आणि गप्प बसायचे. तेव्हा मला आईचंच पटलं होतं.

आता भाचीची गोष्ट, कारण ठरावाची कल्पना तिच्याशी बोलताना सुचली हे काकांना कोणीतरी सांगितलंय आणि त्यांनी लिहिलंय की "अमेरिकेची नक्कल". तर नक्कल कशाची ते तरी ऐका. तिकडे कॅलिफोर्निया विद्यापीठात पीएचडी करणारी पोरं शिकवतात, पेपर तपासतात, म्हणजे आपल्याकडच्या तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांसारखीच त्यांची गत. त्यांची युनियन ऑटो वर्कर्सची, यूएडब्ल्यू, म्हणजे मोटारींच्या कारखान्यातल्या कामगारांची जुनी युनियन, तिच्यात हे विद्यापीठवाले सामील. २०२२ मधे १४ नोव्हेंबरला त्यांनी संप केला, सगळ्या कॅम्पसचे मिळून जवळपास ४८ हजार लोक, आणि तो नाताळाच्या तोंडाशी मिटला. संपात असलेल्याला आठवड्याला ४०० डॉलर युनियनच्या संप फंडातून मिळायचे. आता बघा, तो फंड कोणाच्या वर्गणीचा? त्यात मोटारीचे पार्ट जोडणाऱ्यांची पिढ्यानपिढ्यांची वर्गणी होती. इंजिन बसवणाऱ्याच्या पैशावर इतिहासाची पीएचडी करणाऱ्या पोरीने महिनाभर भाडं भरलं. भाची म्हणाली तेव्हा मला बाबांची चादर आठवली.

पण तिने दुसरीही गोष्ट सांगितली, ती जास्त कामाची. त्याच विद्यापीठाच्या सांताक्रूझ कॅम्पसवर २०१९ च्या डिसेंबरमधे पोरांनी युनियनला न विचारताच मार्क्स अडवून ठेवले होते, घरभाडं परवडत नाही, महिन्याला १,४१२ डॉलर वाढवून द्या म्हणून. युनियनची मंजुरी नाही म्हणून संप फंडातून एक पैसा नाही. पुढे कित्येकांना कामावरून काढलं. मग त्यांनी स्वतःच लोकांकडून पैसे गोळा करून फंड उभा केला. युनियन चूक की ते चूक, त्यात मी पडत नाही. मला एवढंच दिसतं की आतल्या लोकांचं ऐकायला दार ठेवलं नाही की ते खिडकीतून बाहेर जातात आणि फंडही बाहेर नेतात. आमची कॉफीची बरणी काय होती? तेच होतं.

मार्क्स अडवणं आपल्याकडेही झालंय. २०१३ मधे प्राध्यापकांचा परीक्षेवरचा बहिष्कार, ४ फेब्रुवारीपासून १० मेपर्यंत, परीक्षा विभागात आमचं काय झालं होतं ते आम्हालाच ठाऊक. त्यात प्राध्यापकांचा ७१ दिवसांचा पगार अडकला आणि त्याच्यासाठी वर्षानुवर्षं भांडावं लागलं. पण ज्याचा पगार मोठा त्याचं घर ७१ दिवस चालतं तरी. तासिकेवरच्या पोराचं नाही चालत, शिपायाचं नाही चालत.

आता काकांचा जो मुद्दा खरा आहे तो मान्य करते. त्यांना भीती ही आहे की उद्या गट म्हणून नाव नोंदवायचं आणि निवडणूक आली की तोच गट पॅनल होऊन उभा राहायचा, मग त्याच्यामागे पक्ष येतो, जात येते, अमक्या साहेबांचा आशीर्वाद येतो. नागपुरात राहून ही भीती कोणाला नाही वाटणार? आपल्याकडे सोसायटीची निवडणूक असो की अधिसभेची, भजनी मंडळसुद्धा पॅनल टाकतं. मी हे भाचीला विचारलं, तिकडे काय करता म्हणून. तर कळलं तिकडे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्यांची खिचडी करून राहिलो. एका प्रकारचा कॉकस म्हणजे सरळ आपल्या पॅनलसारखा. तिच्या युनियनमधे एका कॉकसने २०११ मधे निवडणूक लढवून जुन्या कार्यकारिणीला हटवलं, युनियन लोकशाहीने चालवू म्हणून. २०२२ च्या शेवटी जो करार झाला त्याला नाही म्हणा असा प्रचारही आतल्याच लोकांनी केला, करार मंजूर झाला तो झाला, पण सांताक्रूझमधे नाहीवाले जास्त निघाले, आणि युनियन फुटली नाही, अजून आहे. असल्या गटाने पैसे आपल्या खिशातून घालायचे, कारण युनियनच्या निवडणुकीत कोणा उमेदवारासाठी युनियनचा पैसा वापरायला तिकडे १९५९ च्या कायद्यानेच बंदी आहे. आणि दुसरे ते गट, स्त्रियांचे, कंत्राटींचे, अपंगांचे, जे निवडणुकीसाठी नसतात, प्रश्नासाठी असतात. इंग्लंडमधे कॉलेज आणि विद्यापीठवाल्यांची जी मोठी युनियन आहे, यूसीयू, तिच्यात तर अशा समित्या युनियननेच बसवलेल्या आहेत, आणि संपातल्या नुकसानीसाठी वेगळा फंडही आहे.

हे ऐकून आम्ही ठरावात दोन ओळी घातल्या, ज्या काकांनी वाचल्या असत्या तर कदाचित पत्र लिहिलंच नसतं. गटाला स्वतःचं बँक खातं नाही, खर्च खजिनदारामार्फतच आणि पावतीनिशी. आणि निवडणूक जाहीर झाल्यापासून निकालापर्यंत कुठल्याही गटाला फंडातून एक रुपया नाही, चहाचासुद्धा नाही. पॅनल करायचं तर करा ना, स्वतःच्या पैशाने पोहे खा.

एक अडचण मात्र अजून सुटलेली नाही आणि ती लपवत नाही. कंत्राटींना पैसे द्यायचे तर त्यांचं म्हणणं कोण मांडणार? ते सभासद नाहीत, मत नाही. आमच्या गटातल्या ग्रंथालयवाल्या ताई म्हणतात आधी घटना बदलून त्यांना सभासद करा, वर्गणी दहा रुपये ठेवा. मी म्हणते त्याला वर्ष लागेल, तोपर्यंत निदान त्यांचा गट बसू दे आणि आपल्यातला एक सभासद त्यांचा निरोप्या राहू दे. यावर आम्हा दोघींत रोज डबा खाताना जुंपते, मावशी म्हणतात तुमचीच गटबाजी आधी मिटवा. सफाईच्या मावशी स्वतः एजन्सीच्याच आहेत हे मला, खोटं कशाला बोलू, त्या पेन्सिलच्या दिवशी कळलं. पंधरा वर्षं रोज झाडायला येतात, आम्ही त्यांना आपल्याच समजत होतो, कधी विचारलंच नाही पगार कुठून येतो.

खजिनदार भाऊ आता बोलतात. परवा त्यांनी स्वतःहून विचारलं, त्या पोरीचं बाळ कसं आहे. ठरावाला मत देणार का ते सांगितलं नाही, पण वहीत मदत फंडाचं पान वेगळं काढलंय त्यांनी, लाल पेनने वर "सभासद" आणि "इतर" असे दोन रकाने आखलेत. "इतर"च्या खाली अजून काही नाही.

काकांनाही आमसभेला बोलावलं आहे, निवृत्तांना मत नसतं पण बोलायला कोणी अडवणार नाही, आले तर बरंच वाटेल, पहिली पावती त्यांनीच फाडली होती माझी. आमसभा पुढच्या महिन्यात पहिल्या शनिवारी आहे. वेळ या खेपेला साडेपाचची नाही, दुपारी डब्याच्या सुट्टीची ठेवलीय, आम्ही अर्ज दिला होता म्हणून, आणि जागा मोठ्या हॉलमधे नाही मिळाली तर रेकॉर्ड रूम आहेच, फक्त टेबलाला टेकून कोणी उभं राहू नका.

आपली,
एक शिक्षकेतर कर्मचारी,
परीक्षा विभाग, नागपूर